टर्बोची दांडी अधांतरी फिरेल का?

(वाळूज औद्योगिक परिसरात कामगार, गॅरेजवाले आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बोलायला लागण्याआधी ही दांडी पहिल्या रांगेत देतो. हातोहात मागपर्यंत जाऊ द्या. जपून धरा, एका टोकाच्या पात्यांना अजून धार आहे. ही एका पिकअपच्या टर्बोतली, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रातली दांडी आहे. माल भरलेली गाडी चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून यायची. वर आलं की ड्रायव्हर चहाच्या टपरीवर गाडी लावायचा आणि लगेच चावी फिरवून इंजिन बंद करायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. एक दिवस शिट्टीसारखा आवाज आला, मागं निळा धूर निघाला आणि गाडी ओढायची थांबली. टर्बो खोलला तेव्हा मी स्वतः हजर होतो.

दांडीच्या मध्यावर, जिथं तिला धरणारी अंगठी, म्हणजे बुश, बसतो तिथं, निळसर पट्टा दिसेल. आपल्यातल्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना तो रंग सांगावा लागणार नाही. पोलाद साधारण तीनशे अंशांपर्यंत तापलं की असं निळं पडतं. तिथलं तेल आधी आटलं, मग जळून कोळसा झालं, आणि त्या कोळशानं बुश खाल्ला. जे वंगण करायला होतं त्यानंच घात केला.

असं काही पाहिलं की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की हे तेलच नको. आपल्या कॉलेजच्या मुलांनीही मला तोच विचारला: सर, चुंबकावर चालणारी बेअरिंग आहेत म्हणतात, दांडीला कुठंच हात लागत नाही, घर्षण नाही, झीज नाही. मग ती मोटारीच्या टर्बोत का बसवत नाहीत? प्रश्न इतका चांगला आहे की मी त्याच्यासाठीच आज इथं आलोय. नुसतं ‘परवडत नाही’ म्हणून मी तो उडवून लावणार नाही. ते अर्धंच उत्तर आहे.

टर्बोची ओळख थोडक्यात करून देतो, कारण बरेच जण ती जाणताच. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकावरच्या चाकानं ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी याचं पेटंट १९०५ साली घेतलं. विकत घेता येणाऱ्या मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेत. आज आपल्याकडं भाजीपाला वाहणाऱ्या डिझेल पिकअपमध्येही तो आहे.

आता वेगाकडं या. छोट्या मोटारीच्या टर्बोची दांडी पूर्ण जोरात मिनिटाला २,००,००० च्या पुढं फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ३,३३३. तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत हजार फेरे झालेले असतात. एका टोकाला डिझेल गाडीत ७५० ते ८५० अंश सेल्सिअसचा धूर, पेट्रोलमध्ये ९५० ते १,०५० अंशांचा. चाक लालबुंद होतं. दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. दोन्हींच्या मध्ये इतकीशी जागा, आणि तिथंच बेअरिंग बसवायचं.

एक आकडेमोड आपण मिळून करू. दांडी आणि दोन्ही चाकं मिळून वजन धरा दीडशे ग्रॅम. बॅलन्सिंगमध्ये वजनाचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून एक मायक्रॉन बाजूला राहिला असं समजा. एक मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साठावा-सत्तरावा भाग. दोन लाख फेऱ्यांवर या एका मायक्रॉनमुळं बाहेर ओढणारा जोर किती होतो? वस्तुमान गुणिले अंतर गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे ६६ न्यूटन, साडेसहा किलोंच्या वर. दीडशे ग्रॅमची वस्तू स्वतःच्या वजनाच्या पंचेचाळीस पट जोरानं भिंतीकडं ओढली जातेय, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला तीन हजार वेळा गोल फिरतेय.

आणि तिला धरून काय ठेवतं? पितळेची अंगठी. हा बघा बुश, करंगळीतसुद्धा जाणार नाही. याला फ्लोटिंग बुश म्हणतात, कारण तो त्याच्या घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, घट्ट बसवलेला नसतो. आत दांडी आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा, बाहेर बुश आणि हाउसिंग यांच्यामध्ये दुसरा. दांडी फिरली की तेलाच्या ओढीनं बुशही फिरायला लागतो, दांडीच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या वेगानं. आतला पापुद्रा वीसएक मायक्रॉनचा, बाहेरचा त्याहून जाड.

माझ्या आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. लांबच्या बाजाराला निघायचं म्हटलं की चाक काढून आसाला एरंडेलात भिजवलेली चिंधी फिरवायची, हे काम आम्हा पोरांकडं. वंगण विसरलं तर गाडी वाटेत कुरकुरायची, आणि आजोबा म्हणायचे, चाक पाणी मागतंय. त्याच एरंडेलावर पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं चालली. त्या आसाला तेल हवं ते फक्त घासू नये म्हणून. टर्बोतलं तेल मात्र आणखी दोन कामं करतं, आणि माझं आजचं सगळं बोलणं या दोन कामांभोवती आहे.

एक म्हणजे ते हादरे गिळतं. मघाशी काढलेला ६६ न्यूटनचा जोर, खड्ड्याचा दणका, इंजिनाची थरथर, हे सगळं त्या बाहेरच्या पापुद्र्यात तेल पिळलं जाऊन जिरतं. बाइकच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल करतं तेच. बुश तरंगता ठेवण्यामागं हेच कारण आहे. नुसता एकच पापुद्रा असला तर तेल स्वतःच दांडीला घेऊन गरगरायला लागतं आणि दांडी भोवऱ्यासारखी डोलते. दोन पापुद्र्यांत ते डोलणं आवाक्यात राहतं. दुसरं म्हणजे तेल उष्णता वाहून नेतं. लाल चाकाकडून दांडीत शिरणारी आग तेल सतत धुऊन खाली तेलाच्या चेंबरमध्ये नेतं. ड्रायव्हरनं घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं, तेव्हा तेलाचा पंप थांबला, पण चाक अजून तापलेलंच होतं. ती आग मग दांडीवाटे मागं सरकत आली. तुमच्या हातात फिरतोय तो निळा पट्टा तिचाच.

म्हणून तेल काढून चुंबक बसवायचं म्हटलं तर चुंबकाला एक नाही, तीन माणसांची हजेरी भरावी लागते.

आता ही दोन चुंबकं बघा. जुन्या स्पीकरमधल्या कड्या आहेत. ही पेन्सिल उभी धरतो, खालची कडी घालतो, वरून दुसरी, सारखी तोंडं समोरासमोर. पाहा, वरची अधांतरी राहिली. बोटानं दाबली तर खाली जाते, सोडली की वर येते. इतकं सोपं वाटतं की कुणालाही वाटावं, झालं बेअरिंग तयार. आता पेन्सिल काढतो. गेली! बाजूला सरकली, उलटली आणि खालचीला चिकटली. पेन्सिल होती म्हणून ती राहिली होती, आणि पेन्सिलीला ती घासत होती.

कितीही चुंबकं घ्या, कशीही मांडा, नुसत्या कायमच्या चुंबकांनी स्थिर वस्तू अधांतरी टिकत नाही. सॅम्युएल अर्नशॉ नावाच्या इंग्रज पाद्री-गणितज्ञानं १८४२ साली हे सिद्ध करून ठेवलंय. एका दिशेनं सावरलं की दुसऱ्या दिशेनं निसटतं. म्हणून खरी चुंबकी बेअरिंग कड्यांची नसतात, विद्युतचुंबकांची असतात. आणि ती ढकलत नाहीत, ओढतात. दांडीच्या चारी बाजूंनी विद्युतचुंबकं, शेजारी तिची जागा मोजणारे सेन्सर. दांडी उजवीकडं सरकली की डावीकडचा करंट वाढवायचा, डावीकडं सरकली की उजवीकडचा. दोन जागी आडवं-उभं धरायचं आणि एका जागी पुढं-मागं. म्हणजे एकूण पाच दिशा, पाच सेन्सर, आणि रूढ रचनेत दहा विद्युतचुंबकं. मधे एक कंट्रोलर, जो सेकंदाला दहा-वीस हजार वेळा विचारत राहतो की दांडी कुठं आहे.

यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. विद्युतचुंबकाची ओढ अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते. फट अर्धी झाली की ओढ चौपट. म्हणजे दांडी चुंबकाकडं जरा सरकली की चुंबक तिला आणखी जोरात ओढतं. स्प्रिंग परत ढकलते, हे उलट गिळायला बघतं. माणसानं उभा बांबू तळहातावर तोलावा तसा कंट्रोलर ते सतत तोलत असतो. हात क्षणभर थांबला की बांबू पडला.

हे जमतं का? जमतं, आणि फार पूर्वीपासून जमतं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जेस बीम्स यांनी १९४० च्या दशकात लहानशा पोलादी गोळ्या चुंबकानं अधांतरी धरून निर्वात जागेत मिनिटाला कोटीच्या वर फेऱ्यांनी फिरवल्या. आज गॅस वाहून नेणाऱ्या पाइपलाइनवरचे मोठे कॉम्प्रेसर, मोठ्या इमारतींच्या एसीचे चिलर, सांडपाण्यात हवा सोडणारे ब्लोअर, निर्वात पंप, आणि दुबळ्या हृदयाला मदत करणारे रक्ताचे पंपसुद्धा चुंबकी बेअरिंगवर चालतात. तेव्हा ‘वेग झेपणार नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. वेग झेपतो.

जोर झेपतो का? मलाही आधी वाटायचं की आपल्या रस्त्यांवर हे टिकणारच नाही. मग कागद घेऊन बसलो. खड्ड्याचा दणका गुरुत्वाकर्षणाच्या वीस पट धरा. दांडी दीडशे ग्रॅमची. वीस पट म्हणजे तीन किलो, तीस न्यूटन. चांगल्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांचं चुंबकी बेअरिंग दर चौरस सेंटिमीटरला तीस-चाळीस न्यूटन धरतं. वीस मिलिमीटर व्यासाचं, पंधरा मिलिमीटर लांबीचं बेअरिंग घेतलं तर शंभर न्यूटनच्या आसपास जोर हातात आहे. म्हणजे खड्ड्याचा धाक आपण उगाच बाळगतो. दांडी हलकी आहे, हेच तिचं भाग्य.

इतकंच नाही, मघाचे ते ६६ न्यूटन चुंबकाला झेलावेच लागत नाहीत. तेलाची फट वीस मायक्रॉनची, पण चुंबकी बेअरिंगची फट तीनशे-चारशे मायक्रॉनची. कंट्रोलरला सांगता येतं की फेऱ्याबरोबर येणारी ती थरथर सोडून दे, दांडीला तिच्या वजनाच्या मध्याभोवती फिरू दे. एक मायक्रॉन हलली तर कुठं बिघडलं? ही या बेअरिंगची सर्वांत देखणी गोष्ट आहे. ज्यांनी बॅलन्सिंग मशिनवर तासन्‌तास घालवलेत त्यांना तिची किंमत कळेल.

वेळेचं गणित जास्त कठीण आहे. चुंबकाची पकड सुटली तर दांडी झेलायला दीडशे मायक्रॉनवर आधाराचं साधं बेअरिंग ठेवलं, आणि वीस पटीचा तोच दणका बसला, तर हाउसिंग दांडीपर्यंत पोहोचायला लागतात साधारण सव्वा मिलिसेकंद. चार फेरे. तेवढ्यात हालचाल ओळखायची, ठरवायचं, आणि कॉइलमध्ये करंट चढवायचा. ओळखणं-ठरवणं आजच्या चिपला सहज जमतं. कॉइलमध्ये करंट चढवायला मात्र व्होल्टेज लागतं, आणि मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इथं गाडी अडते. ४८ व्होल्टची गाडी असेल तर चित्र बदलतं. त्याकडं मी परत येणार आहे.

पण खरी अडचण जागेची आणि आगीची आहे. दोन्ही गुंतलेल्या आहेत.

आजची दांडी बुशाच्या जागी सहा-सात मिलिमीटर जाड. चुंबकानं धरायला तिच्यावर सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांची बाही चढवावी लागते, वीसएक मिलिमीटर व्यासाची. दोन लाख फेऱ्यांवर त्या बाहीच्या कडेचा वेग होतो सेकंदाला सुमारे २१० मीटर. चिकटवलेल्या, दाबून बसवलेल्या पत्र्यांची मर्यादा साधारण २०० ते २५० मीटरच्या घरात असते. म्हणजे आपण काठावर उभे आहोत. त्यापुढं पत्रे पसरतात आणि दांडीवर ढिले पडतात. बाही बारीक केली तर जोर घटतो, लांब केली तर दांडी लांबते. त्यात कॉइलची दोन्हीकडची डोकी, सेन्सर, पुढं-मागं धरणारी तबकडी, आधाराची बेअरिंग. हे सगळं दाटीवाटीनं बसवलं तरी मधला भाग आजच्या दुपटीवर जातो. तितक्याच जाडीची दांडी दुप्पट लांब केली की तिची वाकण्याची नैसर्गिक कंपनसंख्या चौथ्या हिश्श्यावर येते. दोन्ही टोकांना चाकं लटकलेली. मग गाडी रोजच्या चालीत वाकण्याच्या त्या वेगातून जात-येत राहणार, आणि प्रत्येक वेळी कंट्रोलरनं तिला सावरायचं. हादरे गिळण्याचं तेलाचं काम आता प्रोग्राम लिहून करायचं.

आता आग. कॉइलच्या तारेवरचं चांगलं इन्शुलेशन १८० अंशांपर्यंतचं. निओडिमियमची चुंबकं वापरली तर ती ताकद त्याच सुमाराला, कधी आधीच, गमावू लागतात. खुद्द लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना संपतं, आणि बेअरिंगपासून बोटभर अंतरावर त्याहून तापलेलं चाक आहे. चालू गाडीत पाण्याचं जॅकेट देऊन हे सांभाळता येईल. पण घाट चढून इंजिन बंद केल्यावर? तेच दुखणं परत आलं. फरक इतकाच की तेल जळण्याऐवजी इन्शुलेशन जळेल. इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवत ठेवणारा विजेचा पंप लागेल. तेल काढलं म्हणजे तेलाचं थंड करण्याचं कामही काढलं, हे आपण विसरतो ते इथं.

एका सांडपाण्याच्या प्रकल्पावर मी चुंबकी बेअरिंगचा ब्लोअर पाहिला आहे. हाताची बोटं त्याच्या अंगावर ठेवली तर चालू आहे की बंद ते कळेना, इतका शांत. मी ऑपरेटरला विचारलं, वीज गेली की काय होतं? त्यानं मेन स्विच पाडून दाखवला. ब्लोअर हळूहळू थांबला, पण दांडी शेवटपर्यंत अधांतरी राहिली. वीज गेली की त्याची मोटर जनरेटर होते आणि फिरणाऱ्या दांडीचीच वीज तिला धरून ठेवायला वापरते. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्याला ते पाहून भरून आलं.

टर्बोत मात्र गोष्ट उलटी आहे. ब्लोअरची वीज गेली की त्याला फिरवणाराही जातो. टर्बोला फिरवतो धूर. फ्यूज उडाला, कनेक्टर सैल झाला, उंदरानं वायर कुरतडली, तरी इंजिन चालू आहे तोवर धूर येतच राहणार आणि चाक फिरतच राहणार. दांडी आधाराच्या बेअरिंगवर पडते आणि तशीच दोन लाखांच्या वेगानं घासत राहते. ही बेअरिंग काही मोजक्या वेळा झेलण्यासाठीच बनवलेली असतात. तेव्हा फ्यूज उडाल्याबरोबर इंजिनाचा जोर आपोआप तोडणारी व्यवस्था हवी, आणि ती बैलगाडीला ओव्हरटेक करतानाच्या क्षणीही सुरक्षित हवी. माझ्या मते मोटारीच्या टर्बोत चुंबकी बेअरिंग न येण्याचं सर्वांत वजनदार कारण हे आहे. किमतीचा नंबर त्यानंतर.

मग मिळणार काय होतं? घर्षण वाचणार होतं. किती? सात मिलिमीटरची दांडी, पाच मिलिमीटर लांब बुश, वीस मायक्रॉनचा पापुद्रा, गरम तेल. बुश न फिरणारा धरला तर पूर्ण वेगाला एका बुशात पावणेदोनशे वॉट जळतात. बुश फिरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. दोन बुश आणि दांडीला पुढं-मागं सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग मिळून काहीशे वॉट. त्या वेळी टर्बाइन, म्हणजे धुरावर फिरणारं चाक, दहा-पंधरा किलोवॅट देत असतं. म्हणजे पूर्ण जोरात हा तोटा नगण्य. पण कमी वेगाला काय? तेलातला तोटा वेगाच्या वर्गानं उतरतो, टर्बाइनची ताकद घनानं. चौथ्या हिश्श्याच्या वेगावर तोटा सोळाव्या भागावर येतो, तर ताकद चौसष्टाव्या. म्हणजे तोट्याचा वाटा चौपट झाला. त्यात सकाळचं थंड, जाड तेल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीला जोर उशिरा येतो, त्यात याचाही हात आहे. चुंबकाचा खरा फायदा इथं होता, बाजारपेठेच्या गर्दीतून निघणाऱ्या गाडीला.

आणि नेमका हाच फायदा बॉल बेअरिंगचे टर्बो आजच देतात. त्यांत सिलिकॉन नायट्राइडच्या, म्हणजे चिनी मातीच्या भावकीतल्या, पण पोलादापेक्षा कठीण आणि हलक्या गोळ्या असतात. तेल लागतं, पण थोडं. कंट्रोलर नाही, सेन्सर नाही, उंदराला कुरतडायला वायर नाही. दुसरा स्पर्धक हवेचा. पातळ पत्र्याच्या पाकळ्यांवर दांडी फिरते आणि स्वतःच्या वेगानं हवेचा पापुद्रा ओढून घेते. विमानातल्या हवा थंड करण्याच्या यंत्रांत ही बेअरिंग अनेक दशकं आहेत. ३० किलोवॅटचं एक मायक्रोटर्बाइन मिनिटाला ९६,००० फेऱ्यांनी याच हवेवर चालतं. हायड्रोजनच्या फ्यूएल सेलला हवा देणारे कॉम्प्रेसरही याच बेअरिंगवर असतात, कारण तिथं तेलाचा थेंब गेला तर सेल खराब होतो.

मग चुंबकासाठी दार बंदच आहे का? मला तसं वाटत नाही. एक दार किलकिलं आहे, आणि ते टर्बोनं स्वतःच उघडलंय. आता काही टर्बोंच्या दांडीवर, दोन चाकांच्या मध्ये, विजेची मोटर बसवतात. धूर कमी असतो तेव्हा मोटर दांडी फिरवते, जास्त असतो तेव्हा तीच जनरेटर होते. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत २०१४ ते २०२५ या काळात अशी मोटर टर्बोला जोडलेली होती आणि नियमानं वेग १,२५,००० फेऱ्यांवर बांधलेला होता. मर्सिडीजच्या एएमजी विभागानं २०२० साली रस्त्यावरच्या गाडीसाठी असा टर्बो जाहीर केला, चार सेंटिमीटर जाडीची मोटर आणि १,७०,००० फेऱ्यांपर्यंतचा वेग. त्याची बेअरिंग चुंबकी नाहीत. पण विचार करा, चुंबकाला लागणारं सामान तिथं आधीच येऊन बसलंय. पत्र्यांची बाही, कॉइल, मघाशी म्हटलेलं १२ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज, इन्व्हर्टर, थंड करणारं पाणी. वायर तुटली तर दांडीचीच वीज तिला धरायला वापरता येईल, त्या ब्लोअरसारखी. आणि एकाच लोखंडावर दोन गुंडाळ्या घालून एकीनं फिरवायचं, दुसरीनं धरायचं, अशा बेअरिंगलेस मोटर जगात चालू आहेत. हृदयाच्या पंपांत याच पद्धतीचा उपयोग होतो.

म्हणजे साध्या टर्बोत चुंबकी बेअरिंग टाकणं मला व्यवहार्य दिसत नाही. मोटर असलेल्या टर्बोत ते शक्य आहे, ट्रकच्या किंवा जनरेटर सेटच्या मोठ्या टर्बोत आधी, कारण तिथं वेग लाखाच्या आसपास किंवा खाली येतो आणि जागा मिळते. मोटारी विजेवर जात असताना यावर पैसा कोण घालेल, ही शंका रास्त आहे. पण ब्लोअर, चिलर, कॉम्प्रेसर यांच्यातली ही विद्या वाढतच जाणार, आणि १९८५ पासून वाळूजनं जी कामं शिकली, म्हणजे मायक्रॉनचं ग्राइंडिंग, पत्र्यांचं स्टँपिंग, कॉइल वाइंडिंग, बॅलन्सिंग, ती सगळी तिला लागतात. पॉलिटेक्निकच्या मुलांना मी म्हणतो, कंट्रोलचा विषय परीक्षेपुरता वाचू नका. एक पोलादी गोळी, एक कॉइल, एक सेन्सर आणि हजार-पंधराशेचा बोर्ड घ्या, आणि ती गोळी अधांतरी धरून दाखवा. शंभर वेळा पडेल. एकदा ठरली की मला फोन करा, मी बघायला येतो.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे घेतले आहेत.)

एका विद्यार्थिनीनं विचारलं की चावी फिरवण्याआधी दांडी उचललेली असेल का?

फार नेमकं विचारलंस, बेटा. गाडी बंद असताना दांडी आधाराच्या बेअरिंगवर पडलेली असते. इंजिनाचा पहिला धूर यायच्या आत ती उचलली गेली पाहिजे. उचलायला सेकंदाचा अंशही पुरतो, तेव्हा चावी फिरली की आधी दांडी आणि मग स्टार्टर, असा क्रम लावता येईल. अडचण सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांची आहे. तिथं इंजिन बंद झालं तरी दांडी उचललेलीच ठेवायची, की दर वेळी ठेवून परत उचलायची? पहिल्यात बॅटरी खर्ची पडते, दुसऱ्यात आधाराची बेअरिंग. मी असतो तर बॅटरी खर्ची घातली असती. तू यावर प्रोजेक्ट कर.

शेवटच्या रांगेतल्या एका पिकअपवाल्या दादांनी विचारलं: हे सगळं ठीक आहे, पण माझी गाडी उद्या सकाळी घाट चढणार, मी काय करू?

दादा, वर आलात की गाडी लावा, उतरू नका. एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. तेवढ्यात चाक निवतं आणि तेल फिरत राहतं. ऑइल आणि त्याचा फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरला बदला, आणि कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं घाला. एअर फिल्टर वेळेवर बदला, आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत तर आधीच. फिल्टर फाटला की धूळ हवेच्या चाकाची पाती झिजवते आणि इंजिनात शिरते. टर्बोजवळ तेलाचा ओघळ दिसला, शिट्टीचा आवाज वाढला किंवा मागं निळा धूर दिसला, तर त्याच दिवशी दाखवा. ती दांडी आता तुमच्या हातात पोहोचली असेल. निळ्या पट्ट्यावरून नख फिरवून बघा, खाच लागते. ती या एक-दोन मिनिटांची आहे.